कढईतलं तेल आणि इंजिनाची गोष्ट

राहुरी तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय. स्वयंपाकाला लागल्या असाल तर हात थांबवू नका, रेडिओ तेवढा जवळ ओढा. आजचा विषयही चुलीपाशीच सुरू होतो. कढईत उरलेलं तळणीचं तेल.

गेल्या दिवाळीत आमच्या आठ गटांनी मिळून फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. चकली, शेव, शंकरपाळी, अनारसे. एकच तेल परत परत तापवायचं नाही असं बैठकीत ठरलं होतं, म्हणून उरलेलं तेल गाळून पत्र्याच्या डब्यांत ओतत गेलो. दिवाळी संपली तेव्हा पंधरा किलोचे चार डबे भरले होते. रंग काळ्या चहासारखा, वास खवट. नाल्यात ओतवेना आणि घरात ठेववेना.

मग एक जण मोटारसायकलवर आला आणि डबे विकत मागायला लागला. कशाला पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणाला साबणाला. कुठला कारखाना म्हणून विचारलं, तर सांगेना. त्याच आठवड्यात दुसरे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे रंगीत माहितीपत्रक होतं. या तेलापासून डिझेल काढणारं छोटं यंत्र गटाने कर्ज काढून घ्यायचं, एका बाजूने तेल ओतायचं, दुसऱ्या बाजूने बायोडिझेल काढायचं आणि विकायचं. ऐकायला फार गोड वाटत होतं. बैठकीत निम्म्या बाया म्हणाल्या घेऊया, निम्म्या म्हणाल्या हप्ते कोण फेडणार.

हो किंवा नाही म्हणायच्या आधी आम्ही एक केलं. हे आधी कोणी करून बघितलंय का, कुठे जमलं, कुठे फसलं, याची माहिती काढली. शोधत शोधत सव्वाशे वर्षं मागे गेलो. ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो, आणि शेवटी आमच्या चार डब्यांचं काय झालं तेही सांगतो.

आपल्याकडे डिझेल हा शब्द मळ्याच्या वाटेने आला. आमच्या आज्या सांगायच्या, आधी विहिरीवर मोट होती, मग इंजिन आलं. साताऱ्याचं कूपर, पुण्याजवळच्या खडकीचं किर्लोस्कर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची. पहाटे लांबच्या मळ्यातून इंजिनाचा ठोका ऐकू आला की पाणी सुरू झालं हे गावाला कळायचं. पुढे वीज आली आणि इंजिनं कोपऱ्यात गेली, पण डिझेल हा शब्द घरातलाच झाला. मुळात ते एका माणसाचं आडनाव आहे, हे आमच्यातल्या बहुतेकींना माहीत नव्हतं.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. १८९३ च्या १० ऑगस्टला जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात त्यांच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली. म्हणूनच १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन पाळतात. आता इथे आम्हाला आमची एक चूक दुरुस्त करायची आहे. मागच्या वर्षी याच रेडिओवरून आम्ही सांगितलं होतं, की त्या दिवशी ते इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. पुष्कळ ठिकाणी तसंच छापलेलं असतं. प्रत्यक्षात त्या दिवशी इंजिनात पेट्रोल घातलं होतं, ते स्वतःच्या बळावर चाललंही नाही, आणि आतला दाब इतका वाढला की दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं. डिझेल थोडक्यात बचावले. नीट काम करणारं इंजिन तयार व्हायला १८९७ साल उजाडलं.

शेंगदाण्याच्या तेलाची गोष्ट खरी आहे, पण ती १९०० सालची आहे. त्या वर्षी पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. इंजिनात काही बदल केला नव्हता, आणि बघणाऱ्यांतल्या फार थोड्यांना कळलं की हे नेहमीचं तेल नाही. यामागे फ्रान्सच्या सरकारची इच्छा होती. त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा आणि खनिज तेल मिळत नव्हतं. जिथे जे पिकतं त्यावरच तिथलं इंजिन चालवता आलं तर बरं, असा हिशोब होता. डिझेल यांनाही हा विचार पटला होता. १९१२ साली त्यांनी लिहून ठेवलं, की वनस्पती तेलाला आज फारसं महत्त्व दिसत नसलं तरी पुढे येऊ शकतं. पुढच्याच वर्षी, १९१३ च्या सप्टेंबरात, बोटीने इंग्लंडला जाताना ते समुद्रात नाहीसे झाले. जमिनीतून निघणारं तेल तेव्हा स्वस्त होतं. शेंगदाण्याचं तेल परत कढईत गेलं.

तेल नुसतं ओतून इंजिन कायम का चालत नाही, हे आम्ही विचारून घेतलं. तेल दाट असतं. थंडीत खोबरेल कसं गोठतं ते आपण बघतोच. दाट तेल इंजिनात नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं, आत काजळी आणि चिकटा धरतो. काही दिवस चालतं, मग इंजिन बसतं. दोन आठवड्यांची चाकूभर चिकट कढई घासताना जे होतं तेच इंजिनाच्या पोटात होतं, फक्त तिथे तारेची घासणी जात नाही.

यावरचा उपाय १९३७ साली बेल्जियममध्ये निघाला. ब्रसेल्सच्या विद्यापीठातले शावान नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. सोप्या शब्दांत सांगायचं तर तेलाच्या प्रत्येक कणाला तीन शेपट्या असतात आणि त्या ग्लिसरीनच्या एका दांडीला बांधलेल्या असतात. तेलात अल्कोहोल आणि थोडा क्षार घालून ढवळलं की शेपट्या दांडीपासून सुटतात आणि अल्कोहोलला चिकटतात. जड ग्लिसरीन तळाशी बसतं. वर जे पातळ राहतं, त्यालाच आज बायोडिझेल म्हणतात. शावान यांनी पाम तेल वापरलं होतं, ते काँगो या बेल्जियमच्या वसाहतीतून यायचं. १९३८ साली ब्रसेल्स ते लूव्हां अशी प्रवाशांची बससुद्धा या इंधनावर चालवून बघितली. म्हणजे मैत्रिणींनो, ही युक्ती काही नवी नाही. माहितीपत्रकातल्या यंत्रात जे घडणार होतं ते ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच कळलेलं होतं.

मग ही युक्ती सगळीकडे का पसरली नाही? हा प्रश्न आम्ही पुढच्या प्रत्येक गोष्टीला विचारत गेलो, आणि उत्तर जवळपास दर वेळी एकच आलं. तेवढं तेल आणायचं कुठून, आणि ते गोळा कोणी करायचं.

गोळा करण्याची सगळ्यात मोठी गोष्ट बायकांचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला स्फोटकांसाठी ग्लिसरीन हवं होतं. १९४२ साली तिथल्या सरकारने घराघरांतल्या बायकांना सांगितलं, की तळून उरलेली चरबी आणि तेल फेकू नका, गाळून डब्यात साठवा आणि खाटकाच्या दुकानात नेऊन द्या. दुकानदार वजन करून पैसे द्यायचा. पुढे १९४३ च्या डिसेंबरपासून पैशाबरोबर रेशनचे जादा पॉइंटही मिळायला लागले. त्यांनी नवं काही यंत्र बसवलं नाही. बायका तशाही त्या दुकानात जात होत्या, तिथेच डबा उतरवायची सोय केली, वजनकाटा ठेवला आणि भाव ठरवून दिला. त्यातून स्फोटकं बनली, ते आपल्याला नको. पण गल्लीतल्या घरांतून चमचा-चमचा तेल एका जागी कसं आणायचं, याचा तो धडा आहे.

आपल्याकडे त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं गोष्ट उलटी होती. इथे गोडं तेलच पुरत नव्हतं. १९७२ चा दुष्काळ आमच्या सासवांनी बघितलाय. खडी फोडायला गेलेल्या बायका अजून गावोगाव आहेत. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांची समिती उभी केली आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले. धान्य, साखर, रॉकेल, तेल, सगळ्याचीच ओढ होती. आजही आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. म्हणून खायचं ताजं तेल इंजिनात ओतणं आपल्याला परवडायचंच नाही. इंधन करायचं तर ते न खायच्या तेलाचं, नाही तर तळून संपलेल्या तेलाचं.

न खायच्या तेलाचा प्रयोग आपल्या सरकारने मोठ्या उत्साहाने केला. तुमच्यातल्या काहींना मोगली एरंड आठवत असेल. कुंपणाला लावतात, जनावर तोंड लावत नाही, बी विषारी. २००२ च्या ३१ डिसेंबरला दिल्ली ते अमृतसर शताब्दी गाडी पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवली. २००३ साली नियोजन आयोगाचा अहवाल आला, त्यात मोगली एरंडाची लाखो हेक्टरवर लागवड करायची योजना होती. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय, सोनं पिकणार अशी हवा झाली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं, की २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल असेल. ते एक टक्क्यापर्यंतही गेलं नाही. झाड पडीक जमिनीत जगलं, पण बी धरेना. पाणी-खत दिलं तर बी यायचं, पण मग त्या पाण्यावर दुसरं पीक का घेऊ नये, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्तच होता. तेल काढायचे कारखाने कागदावर आधी आले आणि बी मागून येईल असं धरलं होतं. ते आलंच नाही.

त्याच काळात आपल्या सीमेपलीकडे एका छोट्या गावात मात्र बायकांनी वेगळं काही केलं. चंद्रपूरच्या पलीकडे तेव्हाचा आदिलाबाद जिल्हा, आता तो भाग तेलंगणात आहे. तिथे पॉवरगुडा नावाचा गोंडांचा पाडा. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी करंजाची झाडं लावली, जंगलातलं करंजाचं बी गोळा केलं आणि आदिवासी विकास यंत्रणेच्या मदतीने तेल काढायचं यंत्र मिळवलं. दहा वर्षांत ५१ टन करंज तेल निघेल आणि ते डिझेलऐवजी वापरलं जाईल, त्यामुळे हवेत जाणारा १४७ टन कार्बन डायऑक्साइड वाचेल, असा हिशोब मांडला गेला. २००३ च्या ऑक्टोबरात जागतिक बँकेने त्या वाचलेल्या धुराचे ६४५ डॉलर गटाला दिले, तेव्हाच्या भावाने साधारण तीस हजार रुपये. त्यांच्या एका परिषदेला विमानाने येणाऱ्या लोकांमुळे जो धूर झाला, त्याची भरपाई म्हणून. शास्त्रज्ञांची मदत होतीच. पण बैठकीत ही गोष्ट वाचली तेव्हा आमच्या बायांना एक गोष्ट फार आवडली. झाडं किती, बी किती, तेल किती, हे सगळं त्यांच्याकडे मोजलेलं होतं. जे मोजलं होतं त्याचेच पैसे मिळाले.

तळणीच्या तेलाचं उदाहरण ऑस्ट्रियातलं आहे. तिथे म्युरेक नावाच्या लहान गावातल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून बायोडिझेलचा कारखाना उभा केला. आपल्या जिल्ह्याला हे नवं वाटायला नको. प्रवरेकाठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, त्याच वाटेची ही गोष्ट. जवळच्या ग्राझ शहरातल्या हॉटेलांतलं आणि घरांतलं वापरलेलं तेल गोळा व्हायला लागलं, आणि १९९४ साली त्यापासून केलेल्या इंधनावर शहराच्या बस चालवायचा प्रयोग सुरू झाला. पुढच्या दहाएक वर्षांत शहराची बससेवा त्या इंधनावर आली. तिथे जमलं, कारण एका बाजूला अख्ख्या शहराचं तेल होतं, मध्ये संस्थेचा कारखाना होता आणि पलीकडे ठरलेलं गिऱ्हाईक होतं.

आता आपल्या देशात या तेलाचं काय नियम आहेत ते सांगतो, कारण फराळाचं काम करणाऱ्या प्रत्येक गटाला ते माहीत पाहिजेत. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक पदार्थ वाढतात. ते मोजायचं एक माप आहे. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवलं, की हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी १० ऑगस्टला वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना सुरू झाली, तिचं नाव रुको. १ मार्च २०१९ पासून रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्या हॉटेलांना आणि कारखान्यांना तेलाची नोंद ठेवणं आणि उरलेलं तेल फक्त मान्यता असलेल्या संकलकालाच देणं बंधनकारक झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत या तेलापासून केलेलं बायोडिझेल विकत घ्यायची तयारी दाखवली. पहिल्या वर्षाचा भाव लिटरला ५१ रुपये ठरवला होता. तेव्हा सरकारने सांगितलं होतं, की देशात वर्षाला साधारण २७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरलं जातं, आणि हॉटेलं, उपाहारगृहं, कँटीन अशा मोठ्या ठिकाणांहून त्यातलं १४० कोटी लिटर गोळा करता येईल.

हे नियम का आले, तर आमच्याकडे आलेल्या मोटारसायकलवाल्यासारखे लोक सगळीकडे फिरतात. मोठ्या हॉटेलातलं काळं तेल स्वस्तात उचलायचं आणि लहान गाड्यांना विकायचं. तिथे पुन्हा वडे तळायचे. ते वडे शाळेतून येताना खातात आपलीच मुलं. डबे त्या माणसाला दिले असते तर चार पैसे मिळाले असते, पण आमच्या चकलीचं तेल कुठल्या पोराच्या पोटात गेलं असतं ते कळलंही नसतं.

आता यंत्राकडे येऊ. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. चार डबे म्हणजे ६५ लिटरच्या आसपास तेल, आणि तेही दिवाळीचं. एरवी आठ गटांचं मिळून महिन्याला एक डबाही भरत नाही. एक लिटर तेलाला साधारण २०० मिलिलिटर मिथेनॉल लागतं आणि काही ग्रॅम कॉस्टिक सोडा. तेल जितकं जळकं तितका सोडा जास्त, आणि अंदाज चुकला किंवा तेलात पाणी राहिलं तर डिझेलऐवजी साबणाचा लगदा होतो. सगळं नीट झालं तर जवळपास जितकं तेल तितकं बायोडिझेल मिळतं. पण ते विकायचं तर भारतीय मानक १५६०७ प्रमाणे तपासलेलं पाहिजे, आणि विक्रीचे नियम २०१९ पासून वेगळे आहेत. एक डबा घेऊन तेल कंपनीच्या दारात जाता येत नाही. महिन्याला एक डबा तेल आणि दर महिन्याला बँकेचा हप्ता, हे गणित कुठल्याच बाजूने जुळेना.

पैशाचं गणित सुटलं नाहीच, पण आमचा निर्णय खरा झाला तो मिथेनॉलवर. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेटते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत धड दिसतही नाही. थोडं जरी पोटात गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो. मुंबईला मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं.

यंत्र विकणारे गृहस्थ म्हणाले होते, कॅनवर लेबल असतं, कुलपात ठेवायचं, झालं. तेव्हा आमच्या गटातल्या एक मावशी बोलल्या. एरवी त्या बैठकीत फक्त सही करतात. गावातलं दारूचं दुकान बंद करायला आडवी बाटली केली, तेव्हा सगळ्यांच्या आधी रांगेत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरींनो, आमच्या घरात कुलूप तीनदा तुटलंय. पिणारा माणूस लेबल वाचत नाही, तो वास घेतो. तो डबा माझ्या गल्लीत नको."

त्यानंतर कोणी फार बोललं नाही. यंत्राचा विषय त्या दिवशी संपला. ज्यांना हे काम करायचं त्यांनी कारखान्यात, परवान्याने, शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली करावं. घराच्या ओसरीवर आणि अंगणवाडीच्या भिंतीशेजारी ते करायचं नाही, असा ठराव आम्ही वहीत लिहिला.

पण डबे राहिलेच होते. तेव्हा इतकं वाचल्याचा उपयोग झाला. अमेरिकेच्या खाटकाच्या दुकानापासून पॉवरगुड्यापर्यंत बायकांनी केलेलं काम एकच होतं, तेल गोळा करणं आणि मोजणं. तेवढं आपण करू शकतो. आम्ही मान्यता असलेल्या एका संकलकाला फोन केला. ते म्हणाले, २०० लिटरचा पिंप भरला तर गाडी पाठवतो, चार डब्यांसाठी परवडत नाही. म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं, की सगळ्या गटांचं तेल एका जागी आणायचं. डब्यावर चिठ्ठी लावायची, तारीख, कुठल्या गटाचं, किती किलो. जागा सावलीची, चुलीपासून लांब, मुलांच्या हाताबाहेर. वही एका ताईकडे.

मग आम्ही नगर-मनमाड रस्त्यावर निघालो. शिर्डीला आणि शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने जातात, त्यामुळे ढाबे आणि वडापावच्या गाड्या भरपूर. मंगल कार्यालयं आहेत, मेस आहेत. काही जणांनी लगेच हो म्हटलं, काहींनी हाकलून दिलं. सगळ्यात अवघड उत्तर आमच्याच गटातल्या एका बाईकडून आलं. तिची वड्याची गाडी आहे. ती म्हणाली, "ताई, रोज तेल बदललं तर माझ्या हातात उरणार काय? आणि तो मोटारसायकलवाला तुमच्यापेक्षा दोन रुपये जास्त देतो."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्यासोबत बसून आम्ही आठवडाभराचा हिशोब मांडला. कढई मोठी आणि घाणे लहान, त्यामुळे रोज खूप तेल उरत होतं आणि तेच जळत होतं. कढई लहान केली, तेल कमी ओतलं, मधेच पडलेला चुरा झाऱ्याने काढत राहिली, तर उरणारं तेल बरंच कमी झालं. ते फेकणं तिला आता तितकं जड जात नाही. तरी महिन्याच्या शेवटी दोन पैसे कमीच पडतात. ते गटाने अंतर्गत कर्जाच्या व्याजात सवलत देऊन भरून काढावेत का, यावर आमची अजून चर्चा चालू आहे. काही बाया म्हणतात द्यावी, काही म्हणतात एकीला दिली तर सगळ्या मागतील.

आजपर्यंत पिंप अर्ध्याच्या वर भरलंय. ते भरून गाडी आली की या तेलाचं डिझेल होईल, कुठल्या तरी ट्रकमध्ये जाईल. त्यातून गटाला फार मोठे पैसे मिळतील असं आम्ही सांगत नाही. पण त्या तेलात कुणाचा वडा तळला जाणार नाही, एवढं आम्हाला कळेल.

घरच्या कढईबद्दल तेवढं सांगून थांबतो. एकदा तळलेलं तेल गाळून भाजीला, फोडणीला वापरा, तेही एक-दोन दिवसांत. त्यात परत तळू नका. तेल काळं पडलं, फेस धरायला लागलं, धूर लवकर यायला लागला, की ते संपलं समजा. नाल्यात किंवा मोरीत ओतू नका, बाटलीत भरून ठेवा. आणि दारात कोणी काळं तेल विकत मागायला आलं, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की हे तेल जातं कुठे. उत्तर मिळालं नाही तर बाटली आत ठेवा आणि तुमच्या ग्रामसंघाच्या ताईंना सांगा.

तुमच्या गावात कोणी तेल गोळा करत असेल, तर किती जमतं, कुठे देता, ते रेडिओ केंद्रावर फोन करून कळवा. पुढच्या भागात आम्ही पिंपाचा हिशोब घेऊन येऊ, जमा आणि खर्च दोन्ही. तोवर नमस्कार.